घरगाडीतली कोरडी जागा

माझा मेव्हणा ओइवा केइनानेन ईसाल्मीच्या नगरपालिकेत बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. नोकरीतली सगळी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या प्रवासासाठी रस्ते मोकळे केले आणि स्वतः जेवणाच्या वेळेला घरी परत आला. निवृत्त झाला त्या दिवशी नगरपालिकेनं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते काखेत घेऊन तो घरी आला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, माइरेला म्हणाला, "घर विकू."

"आणि राहायचं कुठे?" माइरेनं विचारलं.

"अंगणात बघ."

अंगणात एक जुनी घरगाडी उभी होती. एका बेकरीवाल्यानं ती वापरून वापरून थकवली होती. आत स्वयंपाकाचा ओटा, टेबल, मागे पलंग, सगळं होतं, आणि भिंतींत पाणीही होतं. भिंतीवर अंगठा दाबला की अंगठा आत जायचा. मी त्या रविवारी मुद्दाम कुओपिओहून बसनं जाऊन दाबून पाहिला.

"ओइवा, ही भिंत आहे की लापशी?"

"दुरुस्त करेन."

"आधी दुरुस्त कर आणि मग राहायला जा. जगात अशीच रीत आहे."

"जाता जाता करेन," तो म्हणाला. एका दिवसात तो इतकं बोलला म्हणजे त्याच्या दृष्टीनं भाषणच झालं.

मी चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. तोंड उघडं ठेवून न बोलणारी माणसं मी हजारांनी पाहिली. तोंड मिटून न बोलणारा एवढा पक्का माणूस मात्र हा एकच. तसे आमच्याकडचे सगळेच पुरुष कमी बोलतात, पण ते निदान हवेबद्दल तरी बोलतात. ओइवा खिडकीतून हवा बघायचा आणि टोपी घालायचा.

घर विकलं तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला, आणि तो कोणत्याही शहाण्या माणसाच्या मनात आला असता. मी विचारलं, "सौनाचं काय?" त्यांच्या घरामागे तळ्याकाठी लाकडं जाळून तापवायचा सौना होता, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली, माइरेच्या सासऱ्यानं बांधलेली. दर शनिवारी ती दोघं त्यात जाऊन बसायची आणि तास दीड तासानं लालबुंद होऊन बाहेर यायची.

"प्रत्येक तळावर सौना असतो," ओइवा म्हणाला.

हे खरंच होतं. आमच्या देशात गाड्या मुक्कामाला थांबतात त्या प्रत्येक तळावर सौना असतो. संध्याकाळी आधी पुरुषांची पाळी, मग बायकांची. आम्ही तिघंही मान डोलावून मोकळी झालो. तिघंही इथंच जन्मलेली, इथंच वाढलेली माणसं, आणि एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. काय वावगं होतं ते मी पुढे सांगते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान पाठीवर करवत चालवत नाही. ओइवा आणि माइरे त्या गाडीत राहायची, त्याच गाडीची मोडतोड करायची आणि तीच गाडी घेऊन फिरायची. सोदानक्युलाला त्यानं मोरी काढून टाकली, म्हणून सोदानक्युला माइरेच्या लक्षात बादलीसकट राहिलं. नॉर्वेच्या समुद्रावर गेली तेव्हा डोंगर पाण्यातून सरळ वर आलेले होते म्हणे. माइरेनं ते पाहिले ते खिडकीच्या भोकातून, कारण खिडकी बाहेर गवतावर पडली होती आणि ओइवा तिची चौकट तासत होता. लोक प्रवासातून फोटो आणतात. ही दोघं कुठून कुठून बिजागऱ्या आणायची.

दर शनिवारी संध्याकाळी मला माइरेचा फोन यायचा. बायकांची पाळी आटोपून, ओले केस टॉवेलात गुंडाळून ती तळाच्या बाकावर बसायची आणि मला लावायची. मी कॉफी घेऊन तयारच असायचे. माझं लग्न झालेलं नाही, मांजर होती ती गेली. शनिवारचा तो फोन मला आवडायचा हे मी कशाला लपवू?

"काय म्हणतोय तुझा सुतार?" मी विचारायचे.

"ठोकतोय."

"आणि तू?"

"मी स्क्रू देते."

"बोलता की नाही काही?"

"कालच बोलला. 'मोठा दे' म्हणाला."

आम्ही हसायचो. पहिल्या वर्षी दोघी हसायचो. दुसऱ्या वर्षी मी हसायचे आणि ती ऐकायची. तिसऱ्या उन्हाळ्यात एका शनिवारी ती म्हणाली, "हेल्लेवी, घर विकल्यापासून मी त्या माणसाशी बोललेच नाहीये बघ. भांडण नाही, काही नाही. शेजारी शेजारी दोन खुर्च्या असतात तशी राहतो आम्ही."

"त्या ओल्या गाडीत दुसरं काय होणार?"

"हो ना. ओलीमुळेच असेल."

त्याच सुमाराला माझ्या मजल्यावरचं समोरचं घर रिकामं झालं. मी लगेच इमारतीच्या व्यवस्थापकाला गाठलं आणि माइरेचं नाव सांगून ठेवलं. तो म्हणाला, ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबतो. मी माइरेला फोनवरच घर दाखवलं म्हणा ना. भिंती कोरड्या, खाली दुकान, समोर मी. न्हाणीघरात विजेचा छोटा सौनासुद्धा, एका माणसाला पुरेसा.

"एका माणसाला," माइरे म्हणाली.

"तुला किती माणसं हवीत?"

 ती म्हणाली, ऑक्टोबरच्या आत ठरवते. नाहीतरी तिचे डबे तयारच होते. घर विकताना तिनं थोडं सामान बाजूला काढलं होतं: आईचे कॉफीचे कप, पडदे, बिडाचं भांडं, चिंध्यांचा विणलेला गालिचा. हे सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून गाडीतल्या बाकाखाली ठेवलेलं होतं. ओइवाला तिनं सांगितलं होतं की उन्हाळ्याचे कपडे आहेत. ओइवानं एवढे उन्हाळ्याचे कपडे कशाला, हे विचारलं नव्हतं. आमच्या देशात एवढा उन्हाळा नसतो.

मी ठरवलं की उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं, आता स्वतः जाऊन बहिणीला घेऊन यायचं. सप्टेंबरात, झाडं पिवळी-लाल झाली होती तेव्हा, मी बसनं पार उत्तरेला, ती दोघं तेव्हा होती तिथं, इनारीला गेले. ओइवानं गाडी तळावर लावली नव्हती. तळ्याच्या काठी, एका ओळखीच्या मासेवाल्याच्या जागेत ती एकटीच उभी होती. तिच्या छपरातून एक धुराडं वर आलं होतं.

"हे काय?" मी माइरेला विचारलं.

"मला काय विचारतेस? मी स्क्रू देते."

आत गेले. मागे पलंग होता तिथं ताडपत्री टांगलेली होती. माइरे टेबल खाली पाडून त्यावर झोपत होती, ओइवा जमिनीवर, आणि माझी सोय ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होती. पलंग कुठे आहे, असं मी विचारलं, तर ओइवानं बोटानं बाहेर दाखवलं. पलंगाच्या फळ्या फोडून चुलीसाठी रचून ठेवल्या होत्या.

मी ताडपत्री बाजूला केली. आत सौना होता. एका कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिच्यावर तळ्यातले काळे दगड, आणि समोर पांढऱ्या लाकडाचा एक बाक. भिंती नव्या, दरवाजा नवा, फटीत नखसुद्धा जाणार नाही असं काम. तीन वर्षं ज्या गाडीत मोरी धड नव्हती तिच्यात हा प्रकार.

माझं डोकं फिरलं. "ओइवा, माणसानं झोपायचं कुठे?"

"टेबलावर."

"टेबलावर एक माणूस मावतो."

"रुंद करेन."

"आधी छप्पर, मग भिंत, मग पलंग, आणि सगळं झाल्यावर हौसमौज. नगरपालिकेत तू आधी फुलं लावायचास आणि मग बर्फ काढायचास का?"

तो विचार करून म्हणाला, "फुलं दुसऱ्या खात्याकडे होती."

मी माइरेकडे पाहिलं. ती बाकाकडे बघत होती. हात फिरवून पाहत होती की कुसळ लागतं का. मला वाटलं, बिचारी, आता रडेल. रडली नाही. तिनं विचारलं, "केव्हा तापवायचा?"

"शनिवारी," ओइवा म्हणाला.

शनिवारी दुपारीच त्यानं शेगडी पेटवली. पलंग चांगला जळला. बाकावर माणसं दोनच मावत होती, तेव्हा पाहुणीचा मान म्हणून ती दोघं मला म्हणाली की तू आधी जा. मी म्हटलं, नको, मी सॉसेज बघते. खरं सांगायचं तर मला ते हौसेचं काम चालतं की नाही हे बाहेरून बघायचं होतं. घडीची खुर्ची घेऊन मी तळ्याकडे तोंड करून बसले, आणि गाडीची मागची भिंत माझ्या पाठीशी होती.

दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कोणीतरी बोलायला लागलं.

आधी मला वाटलं, मासेवाला आला. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. आवाज भिंतीतून येत होता, खालच्या पट्टीतला, सावकाश, थांबत थांबत पण न संपणारा. मध्ये माइरे काहीतरी म्हणायची, मग परत तो. मध्येच ती हसली. तसं हसू मी फोनवर दोन वर्षं ऐकलं नव्हतं. पाणी पडलं, वाफ झाली, आणि ओइवा परत सुरू झाला. माझ्या बहिणीचा नवरा बोलत होता, आणि मी इतकी वर्षं त्याला मुका समजत होते.

शब्द मला ऐकू आले नाहीत, आणि आले असते तरी मी सांगितले नसते. सौनातलं सौनात राहतं. पण तिथं त्या खुर्चीवर बसून मला आमची चूक कळली, आणि कळल्यावर मला स्वतःची लाज वाटली. ती दोघं लग्नापासून दर शनिवारी बोलत आली होती. आठवडाभराचं सगळं तिथं, अंधारात, शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता. बाकीचे सहा दिवस त्यावर निघायचे. मग त्यांनी घर विकलं आणि तळावरचा सौना धरला, तिथं आधी पुरुष आणि मग बायका. तीन वर्षं ओइवा अनोळखी ड्रायव्हरांच्या शेजारी बसून गप्प राहिला, आणि माइरे आपलं सगळं मला फोनवर सांगत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला वाटलं ओल आहे म्हणून आपण बोलत नाही. त्याला वाटलं ओल आहे म्हणून ही बोलत नाही, म्हणून तो जास्त ठोकायला लागला. आणि मी, कोरड्या भिंतींचं घर शोधून दिलं.

दोघं बाहेर आली आणि पायरीवर बसली. अंगातून वाफा निघत होत्या.

"सॉसेज जळलं," माइरे मला म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

एवढं झालं तरी माझ्या समोरच्या घराचा प्रश्न तसाच होता. एका शनिवारानं कोणी टेबलावर झोपून म्हातारपण काढत नाही, असं मी स्वतःला समजावलं.  सोमवारी माइरे म्हणाली, "चला, निघू या, कुओपिओला." मला बरं वाटलं. ओइवानं टोपी घातली आणि गाडी सुरू केली. त्याच्या तोंडाकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं, पण घाटासारखा चढ आला तरी तो गाडी हळूच नेत होता, आणि उतारावर त्याहून हळू. पोहोचायची घाई गाडीत एकटी मलाच होती.

रोवानिएमीच्या अलीकडे पोलिसांनी आम्हाला बाजूला घेतलं. तिथं त्या दिवशी घरगाड्यांची वजनं चालली होती. एक तरुण पोलीसबाई होती, फार सभ्य. तिनं चाकांखाली वजनाच्या पाट्या सरकवल्या, आकडा पाहिला, धुराड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

"सौना," ओइवा म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. "चांगलं आहे. पण वजन जास्त आहे. काहीतरी उतरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

"काय उतरवायचं?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त आकडा बघते."

ओइवा क्षणभर उभा राहिला. मग पेटीतून पाना काढला, मागे गेला आणि शेगडीच्या पायाचा नट फिरवायला लागला.  तीन वर्षांत त्या गाडीत धड झालेली ती एकच गोष्ट होती, आणि ती तो स्वतःच्या हातानं सोडवत होता. मला तेव्हा त्याची दया आली. मी असं कधी म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "आधी दुसरं काही निघतंय का बघू. तुझ्या बिजागऱ्याच एक क्विंटल असतील." आणि मी बाकाखालचं दार उघडलं.

आत माइरेचे डबे होते. मी एक ओढायला हात घातला आणि हात तिथंच राहिला. त्या खणाला आतून पांढरं लाकूड लावलेलं होतं, सौनाच्या बाकासारखंच, पण जुनं, हाताळून पिवळं पडलेलं. खाली लोकरीचा थर. कोपऱ्यात हवा खेळायला भोकं, भोकांना बारीक जाळी. मी बोटं फिरवली. पावाच्या डब्यासारखं कोरडं. या गाडीत आजवर मी जिथं जिथं हात लावला होता तिथं हात ओला झाला होता.

"ओइवा," मी हाक मारली, "हे तू केव्हा केलंस?"

"सगळ्यात आधी."

"खिडकीच्या आधी?"

"हो."

"पलंगाच्या आधी? अरे, छप्पर गळत होतं, आणि तू डब्यांची खोली बांधत होतास?"

तो पाना हातात धरून दारात उभा होता. माइरे माझ्या मागे होती. तो तिच्याकडे न बघता माझ्याशीच बोलला, आणि सौनाबाहेर मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"माइरेच्या घराचं सामान आहे ते," तो म्हणाला. "उद्या परत जाते म्हणाली, तर पडद्यांना वास येता कामा नये."

पोलीसबाई आपल्या बुटांकडे बघायला लागली. रस्त्यावरून एक लाकडाचा ट्रक गेला. माइरेनं नाक ओढलं, बाहीनं पुसलं आणि मला बाजूला सारलं. खाली वाकून तिनं एक डबा काढला आणि बाहेर गवतावर ठेवला. मग दुसरा. आईचे कप आत खणखणले. गालिचा तिनं खांद्यावर टाकून नेला.

"अगं, हे कुओपिओच्या घराला लागतील," मी म्हटलं.

"तुझ्या घराला लागतील. तुझे पडदे भयंकर आहेत."

"आणि समोरचं दार? मी त्या व्यवस्थापकाला काय सांगू?"

"सांग, माझं घर आहे म्हणून." मग ती ओइवाला म्हणाली, "तो नट परत आवळ."

"दगड थोडे कमी करता येतील," ओइवा म्हणाला.

"दगडांना हात लावायचा नाही."

पोलीसबाईनं परत वजन केलं. आकडा खाली आला होता, पण पुरेसा नाही. थोडंसंच राहिलं होतं. तिनं गाडीत पाहिलं. माइरेनं पाहिलं. ओइवानं आकाशाकडे पाहिलं. मग सगळ्यांचं बघून संपल्यावर मी स्वतःच खाली उतरले आणि डब्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी पूर्वीपासून अंगानं भरलेली आहे.

"आता ठीक आहे," पोलीसबाई म्हणाली.

बहिणीला आणायला गेलेली मी तिचे कप घेऊन रोवानिएमीहून बसनं परत आले. पोलीसबाईनंच मला स्टँडवर सोडलं. निघताना माइरेनं मला मिठी मारली, आमच्यात अशी पद्धत नाही तरी मारली. ओइवानं माझा हात हातात घेऊन एकदा हलवला. गाडी पुढे जाऊन वळली आणि परत उत्तरेला लागली. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मला माइरेचा हेवा वाटत होता. माझ्या सामानासाठी छप्पर गळतं ठेवणारा कोणी मला भेटला नाही.

समोरच्या घरात आता एक गृहस्थ राहायला आलेत. अकॉर्डियन वाजवतात, वाईट वाजवतात. माइरेचे पडदे माझ्या खिडकीला आहेत. लावताना मी नाकाशी धरून पाहिले, वास अजिबात नव्हता.

मंगळवारी तिचा फोन आला होता. धुराड्याजवळ नवीन गळती लागली आहे, ओइवा छपरावर आहे, पलंगाचं नाव नाही. "मग?" मी विचारलं. "मग काय, स्क्रू देतेय," ती म्हणाली, आणि हसली.

शनिवारी मी अजून सवयीनं कॉफी करून फोनजवळ बसते. अंधार पडेपर्यंत बसते. फोन येत नाही. मग मी आईच्या कपात दुसरी कॉफी ओतते आणि एकटीच पिते.